वरच्या वीस गाठी

शाळेत मास्तर विचारायचे, एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस? कोणी लोखंड म्हटलं की वर्ग हसायचा. आता वाटतं, त्या मास्तरांनी आयुष्यात प्रेसमधून निघालेली रुईची गाठ हलवून पाहिली नसणार. एक गाठ 170 किलोची. गादीत भरतात तीच रूई, पण दाबून दाबून लाकडाच्या ओंडक्यासारखी केलेली. कोणाच्या पायावर आली तर तो हलकी की जड हे विचारत बसत नाही.

मी सूतगिरणीत ब्लो-रूमला आहे. गाठी फोडायचं काम. पट्टी कापताना तोंड बाजूला ठेवावं लागतं, कारण पट्टी तुटली की आतली रूई भसकन फुगते आणि पट्टीचं टोक डोळ्याच्या दिशेनं येतं. प्रत्येक गाठीवर छापलेलं असतं : जिनिंगचं नाव, लॉट नंबर, पी. आर. नंबर, वजन. पी. आर. म्हणजे प्रेस रनिंग. त्या हंगामात प्रेसमधून ती कितवी निघाली ते. सूत कच्चं निघालं की साहेब त्या नंबराचं बोट धरून मागं मागं जातो आणि थेट जिनिंगवाल्याला फोनवर झापतो. म्हणजे गाठीला गाव आहे, नंबर आहे, जन्माची नोंद आहे. ती गाडीवर कोणी चढवली, कोणी बांधली, कोण तिच्यावर बसून दोनशे-चारशे किलोमीटर थंडीत आलं, हे कुठंच छापलेलं नसतं. माझ्या कविता मी या गाठींवरच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूला लिहितो. फुकटचा कागद. पण आज कविता लिहायची नाही. आज गाडी कशी भरतात आणि गाडी का पडते, ते लिहायचं आहे. आपल्यातली पुष्कळ पोरं या धंद्यात आहेत आणि आपण मोर्चात घोषणा देतो तेव्हा ती पोरं हायवेवर असतात.

गिरणीत लागण्याआधी मी दोन हंगाम जिनिंगच्या फलाटावर काढले. 2017-18 आणि 2018-19. माझा मामा तिथं हमाल. हमाल म्हणजे नुसता हमाल नाही. गाडी भरायची, बांधायची, आणि मालकाला गरज पडली की किन्नर म्हणून गाडीबरोबर जायचं, तिकडं उतरवायची. तीन कामं, एक हजेरी. मला तोच घेऊन गेला. पहिल्या दिवशी म्हणाला, "पाय भाऊ, माल कसा बी चढते. पण तो गावाले पोचला पाहिजे. अन् आपण बी."

गाडी भरणं हे गवंडीकाम आहे. गवंडी विटेवर वीट ठेवताना सांधा मोडतो, तसा गाठींचा सांधा मोडायचा. खालच्या दोन गाठींच्या फटीवर वरची गाठ बसली पाहिजे. फटीवर फट आली की थप्पीला उभी चीर पडते आणि पहिल्या वळणाला तिथून माल दुभंगतो. हौद्याच्या फाळक्यापर्यंत फाळका सांभाळतो. फाळक्याच्या वर जे थर जातात, त्यांना फक्त दोर आणि त्यांचं स्वतःचं वजन. म्हणून वरचे थर कडेनं थोडे आत घ्यायचे. मामा नुसत्या डोळ्यानं सांगायचा, "डावी बाजू दोन बोटं भायेर हाय." आम्ही आकडीनं ओढून घ्यायचो. दोन बोटं!

मग ताडपत्री. आधी मागची टाकायची, मग पुढची, पुढचीचा काठ मागचीच्या वर. कौलं जशी पाण्याच्या उलट्या अंगानं लावत नाहीत तशी ताडपत्री वाऱ्याच्या उलट लावायची नाही. उलट लावली की गाडीच्या वेगानं वारा आत शिरतो, ताडपत्री फुगते, दोर सैल करते. आणि रुईचा दुसरा शत्रू म्हणजे ठिणगी. रुईला लागलेली आग लगेच दिसत नाही. गाठीच्या पोटात धुमसत राहते. फलाटावर बिडी ओढणाऱ्याला मामा हात उगारायचा, स्वतः मात्र गेटाबाहेर जाऊन दोन ओढून यायचा.

शेवटी दोर. दोराला मधेच पीळ देऊन एक फास काढायचा, टोक खालच्या हुकातून घ्यायचं आणि परत त्या फासातून खाली ओढायचं. कप्पीसारखं काम होतं. एका माणसाच्या जोराला बळ येतं. दोघं लोंबकळले की दोर ताडपत्रीत रुततो. जिथं दोर लोखंडाच्या कडेवरून वळतो तिथं जुन्या टायरचा तुकडा किंवा पोत्याची घडी. नाहीतर रस्त्यानं गाडी हलत राहते, कड दोराला करवतीसारखी खात राहते, आणि दोर तुटतो तो बांधणाऱ्याच्या नावावर तुटतो.

आमच्यात एक म्हातारा होता, मातंग समाजाचा. त्याच्या बापाचा, आज्याचा धंदा दोर वळण्याचा. अंबाडी भिजवायची, सोलायची, घायपाताचा वाख काढायचा, सोल, नाडे, कासरे वळायचे आणि गावाला पुरवायचे. अख्ख्या गावाची मोट, गाडी, बैल ज्या दोरानं बांधलेले, तो दोर वळणारा गावाबाहेर. म्हातारा म्हणायचा, अंबाडीचा दोर तुटायच्या आधी बोलतो. कुरकुरतो, एकेक तंतू उभा राहतो, हाताला कळतं. नायलॉनचा दोर ताणत जातो, गप्प राहतो, आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. तो दोर हातात घेऊन आधी चोळायचा, मगच बांधायला द्यायचा. यावर काही मित्र म्हणतील की हे आपलं परंपरागत कौशल्य, त्याचा अभिमान बाळगा. मला त्या शब्दाची चीड आहे. कौशल्य खरंच. पण परंपरा म्हणजे त्याला दुसरं काही शिकू दिलं नाही एवढंच. म्हातारा स्वतः म्हणायचा, "माह्या पोराले दोर नोको शिकवू, मोबाइल रिपेरिंग शिकव."

आता गाडी का पडते ते.

बाया डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या घेऊन येतात. कोणी हाक मारली तर त्या मान वळवत नाहीत. सगळं अंग वळवतात, हळू. त्यांना कोणी शाळेत शिकवलेलं नसतं की वजन जितकं वर, तितका कलायला वेळ कमी. ट्रकचं तसंच. लोखंडाची कॉइल जड असते पण बुटकी बसते. रूई त्याच वजनाला कितीतरी उंच जाते. वळणावर माल बाहेर फेकला जातो, आणि तो जोर वेगाच्या दुपटीला दुप्पट नाही, चौपट होतो. वीसनं घेतलेलं वळण चाळीसनं घेतलं तर चौपट. वस्ताद, म्हणजे आमचा ड्रायव्हर, हे गणित मांडत नव्हता. पण वरून भरलेल्या गाडीला तो वळणाच्या आधीच गिअर टाकायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही.

आणि आमचे रस्ते. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडलेल्या. एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी डावीकडं कलते, बाहेर आली की उजवीकडं. पुन्हा खड्डा आला तर तो झोका वाढतो. पाळण्याला जसा प्रत्येक फेरीला थोडा थोडा हात लावला की पाळणा वर वर जातो तसं. मामा म्हणायचा, "गाडीले झोका भेटू द्यायचा नाई." म्हणून दोन खड्ड्यांच्या मधे गाडी जवळजवळ थांबवायची. मागचे हॉर्न वाजवतात, आई-बहीण काढतात. काढू द्यायची. पावसात साइडपट्टीवर उतरायचं नाही. काळी माती. जी माती कापूस देते तीच भिजली की चाक गिळते, आणि एका बाजूचं चाक गेलं की उंच माल बाकीचं काम करतो.

भरून निघालेली गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर थांबवायची असते. गाठी हादऱ्यानं दबतात, एकमेकींत बसतात, दोर ढिला पडतो. उतरून सगळे दोर पुन्हा ओढायचे. हा थांबा कुठल्या बिल्टीत लिहिलेला नसतो. मालक म्हणतो डिझेल जळतं. वस्ताद थांबायचा. मामाला म्हणायचा, "उतर, पोरींचे पदर नीट कर." गाठींना तो पोरी म्हणायचा. हा विनोद मला कधी आवडला नाही, पण माणूस सरळ होता.

विहाराच्या कपाटात बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 साली छापलेली. त्यात चाळीसगावची हकीगत आहे, 1929 सालची. आपण सगळे ती सांगतो, पण मी ती फलाटावरच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली. स्टेशनवरून बाबासाहेबांना वस्तीत न्यायचं. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही. टांगा भाड्यानं देतो म्हणतो, हाकणार नाही. बाबासाहेबांनी पायी यावं हे लोकांच्या मनाला पटेना. तेव्हा लगाम हातात घेतला वस्तीतल्याच एकानं, ज्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. मोरीवर चाक दगडांत अडकलं. टांगा घोड्यासकट खाली नदीत, बाबासाहेब मोरीच्या फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. टांगा म्हणजे दोन चाकांवर उंच बसलेलं ओझं. त्याला हात लागतो, सवयीचा हात. तो हात जातीनं अडवून ठेवला होता. वाहन कलंडलं ते दगडानं, हे पंचनाम्यात लिहिता येतं. लगाम त्या माणसाच्या हातात का आला, त्याला पंचनाम्यात रकाना नाही.

जानेवारी 2019. दहा चाकी गाडी. नेहमी तिच्यात शंभर गाठी जायच्या. शंभर म्हणजे 17 टन. त्या रात्री मुनीम म्हणाला एकशेवीस टाका, पार्टीला घाई आहे, दुसरी गाडी नाही. म्हातारा म्हणाला, वर दोन थर जास्त होतात. मुनीम म्हणाला, घट्ट बांधा. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. घट्ट बांधा. उंचीचं उत्तर बांधणीत शोधायला सांगायचं, म्हणजे उद्या काही झालं तर दोष बांधणाऱ्याचा. 2018 च्या जुलैत केंद्र सरकारनं दहा चाकी गाडीची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून साडेअठ्ठावीस केली होती. रिकामी गाडी साडेनऊ टन धरा. त्यात 120 गाठींचे 20 टन 400 किलो. तीस टनांच्या जवळ. वाढवून दिलेल्या मर्यादेच्याही वर. आणि वाढलेल्या वीस गाठी, म्हणजे साधारण साडेतीन टन, त्या कुठं? सगळ्या वर. पकडलं असतं तर तेव्हा दंड दोन हजार आणि जादा टनामागे हजार. 2019 च्या सप्टेंबरपासून तो वीस हजार आणि टनामागे दोन हजार झाला. मामाच्या वेळी जुना भाव होता.

कॅबिनमध्ये मालकाचे दोन पाहुणे बसले. मामा वर, ताडपत्रीच्या घडीत, घोंगडी घेऊन. मी खालून त्याच्याकडं डबा फेकला. बेसन आणि पोळ्या. त्यानं झेलला.

रस्त्याचं काम चालू होतं, डायव्हर्जन कच्चं, बाहेरच्या बाजूला उतरतं. पहाटे चारला गाडी तिथं कलंडली. वस्तादाचा हात मोडला, पाहुण्यांना खरचटलं. मामा गाठींच्या खाली होता. त्याला बाहेर काढायला क्रेन येईपर्यंत साडेनऊ वाजले. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

पंचनाम्यात दोन गोष्टी आल्या. एक, माल व्यवस्थित न बांधल्यामुळे घसरून अपघात. दोन, मालकाचा जबाब : सदर इसम आमच्याकडे कामाला नव्हता, वाटेत लिफ्ट मागून वर बसला होता.

दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. नुसतं खोटं वाटलं. आमच्या वकिलानं, जो विहारात रविवारी येतो, समजावून सांगितलं. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीनं द्यायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2002 साली ठरवून टाकलेलं. गाडीवरचा कामगार असला तर गोष्ट वेगळी. म्हणजे 'लिफ्ट' या एका शब्दात मामीचे सगळे पैसे अडकलेले. मामा कामगार होता हे दाखवायला कागद पाहिजे. हजेरीपटावर त्याचं नाव नाही. पगार हातात. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल उभे राहिले म्हणून झाला. पण आमच्या फलाटावर कोणाची बोर्डात नोंदणी नव्हती. एकशेवीस गाठींचे एकशेवीस पी. आर. नंबर कोर्टात आले. मामाचा एकही नंबर नव्हता.

पहिल्या वाक्याचा समाचार मात्र फलाटानं घेतला. पोलिसांनी काढलेले फोटो वकिलानं मागवले. म्हातारा, मी आणि अजून तिघं, आम्ही ते फोटो विहाराच्या ओसरीवर मांडून बसलो. म्हाताऱ्यानं चष्मा लावून एकेक पाहिला. मग बोट ठेवलं. आडव्या पडलेल्या गाडीत मागचे दोर अजून हुकात होते. ताणलेले. खालचे थर हौद्यात जसेच्या तसे, सांध्यात सांधा. माल आधी घसरला असता तर दोर तुटलेले किंवा उकललेले दिसले असते, गाठी मागं रस्त्यावर विखुरल्या असत्या, गाडी कदाचित चाकांवर उभी राहिली असती. इथं गाडी मालासकट एक होऊन पडली आहे. पुढचा दोर तुटला तो पडताना, वरच्या गाठी फेकल्या गेल्या त्या जमिनीवर आपटल्यावर. ढिलं बांधलं तर माल पडतो. घट्ट बांधलं, तर माल आणि गाडी मिळून पडतात. उंची तीच राहते. "गाठ सुटली नाई," म्हातारा म्हणाला, "लेहून घे."

मी लिहून घेतलं. तीन पानं. सातवी नापास झालेल्या माणसाला जेवढं येतं तेवढ्या भाषेत. किती गाठी, किती थर, मुनीम काय बोलला, मामा किती वर्षं कामाला, त्या रात्री कॅबिनमध्ये कोण होतं. पाच जणांनी खाली सही-अंगठे दिले. त्यातल्या दोघांना दुसऱ्या दिवसापासून काम बंद. मीही त्याच आठवड्यात बाहेर, म्हणून पुढं गिरणीत आलो.

पण केस फिरली ती वस्तादामुळं. तो साक्षीला येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्याची रोजी मालकाच्या हातात, आणि वर निष्काळजीपणाचा गुन्हाही त्याच्यावरच. तो आला. हात अजून वाकडा. मालकाच्या वकिलानं विचारलं, मयत इसमाला तुम्ही रस्त्यात घेतलं ना? वस्ताद म्हणाला, "साहेब, तो माझा किन्नर होता. चार वर्षं. माझ्या गाडीचे दोर त्यानंच बांधले. लिफ्टवाल्याला कोणी गाडी बांधायला देतं का?" त्यानंतर त्या गावातल्या कुठल्याच मालकानं त्याला गाडी दिली नाही. आता तो भाजीचा टेम्पो चालवतो.

2023 साली निकाल लागला. मामा कामगार होता, असं कोर्टानं म्हटलं. मामीला पैसे मिळाले, मागितले त्यापेक्षा कमी. त्या निकालाची झेरॉक्स मामीनं बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवली आहे. तिला वाचता येत नाही. ती मला म्हणाली, कामगार कुठं लिहिलं ते दाखव. मी दाखवलं. तिनं त्या शब्दाखाली नखानं रेघ ओढली.

त्यानंतर फलाटावरच्या पोरांनी एक वही केली. साधी शंभर पानी. गाडी नंबर, गाठी किती, थर किती, दोर किती, बांधणारे कोण, बरोबर कोण गेलं आणि कुठं बसला. खाली ड्रायव्हरची सही. मुनीमानं एकदा वही फाडली. आता दोन वह्या असतात, एक फलाटावर, एक विहारात, आणि रोज रात्री कोणीतरी मोबाइलवर पानाचा फोटो काढतो. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन अक्षर तपासून येतो. पोरं 'थर'ला 'थार' लिहितात.

मागच्या हंगामात एका गाडीला 112 सांगितल्या. पोरांनी शंभरावर हात थांबवले. गाडी तीन तास फलाटाला तशीच उभी. शेवटी बाकीच्या बारा गाठी दुसऱ्या गाडीनं गेल्या. पण त्या तीन तासांचे पैसे सहा जणांच्या हजेरीतून कापले. त्याचा अर्ज कामगार कार्यालयात द्यायचा आहे, आणि माथाडी बोर्डाच्या नोंदणीचे फॉर्म भरायचे आहेत. रविवारी दुपारी दोनला विहारात बसतो. ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी पेन घेऊन यावं.